पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी

१४ ऑगस्ट हा देशभर तयारीचा दिवस. शाळांच्या मैदानांवर कवायतीची शेवटची तालीम चालते, सरकारी इमारतींवर दिव्यांच्या माळा चढतात, नाक्यानाक्यावर कागदी झेंडे विकायला येतात. पालघरात मात्र या दिवशी दुकानांची शटर खाली असतात. पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी माणसे जमू लागतात. शाळांतली मुले येतात, आसपासच्या गावांतली मंडळी येतात, अधिकारी येतात, हुतात्म्यांच्या घरची माणसे येतात. पुष्पचक्रे वाहिली जातात, जमाव स्तब्ध उभा राहतो. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन करायचे असते. त्याआधी पालघर आपला दुखवटा पाळून घेते.

१९४२ साली १४ ऑगस्टला शुक्रवार होता. त्या दिवशी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मारले गेले. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे. पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तेवारी. मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी. सालवडचे सुकुर गोविंद मोरे. माणसे पाच आणि गावेही पाच. पालघरचा दुखवटा इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तर शोधायचे तर या गावांच्या नावांपासूनच सुरुवात करावी लागते.

गोळीबाराच्या सहा दिवस आधी, शनिवारी ८ ऑगस्टला, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने ‘चले जाव’चा ठराव मंजूर केला. रविवारची पहाट उजाडायच्या आत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. प्रांताप्रांतांतले, जिल्ह्याजिल्ह्यांतले कार्यकर्तेही भराभर पकडले गेले. मुंबई इलाख्यात तेव्हा लोकांनी निवडून दिलेले मंत्रिमंडळ नव्हते. महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याचा निषेध म्हणून १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली होती आणि कारभार गव्हर्नरच्या हाती होता. युद्धकाळासाठी केलेल्या भारत संरक्षण कायद्याचे हत्यार सरकारजवळ होतेच. सभा, मिरवणुका आणि वर्तमानपत्रांतला मजकूर, सगळ्यावर बंदी घालता येत होती.

पुढारी तुरुंगात गेले की चळवळ थंडावेल, असा सरकारचा हिशेब होता. तो चुकला, कारण गवालिया टँकवर ठरलेली गोष्ट त्याआधीच रेल्वेने निघाली होती. बीबीसीआय रेल्वेच्या गाड्या मुंबईहून विरार, पालघर, बोईसर, डहाणू करीत गुजरातेत जात. मुंबईला मासळी, भाजी, दूध पुरवणाऱ्या या पट्ट्याचा मुंबईशी रोजचा व्यवहार होता. मुंबईत काय घडले हे कळायला इथल्या माणसाला छापील वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नव्हती. संध्याकाळच्या गाडीने परतणारा शेजारी ते डोळ्यांनी पाहून आलेला असे.

ते दिवसही ध्यानात घ्यायला हवेत. श्रावण नुकताच लागला होता. नारळी पौर्णिमेला अजून दहा-बारा दिवस होते. कोळीवाड्यांचा रिवाज असा की पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जायचे नाही. म्हणजे सातपाटी, मुरबे आणि त्या ओळीतली गावे वर्षातल्या अशा मोसमात होती, जेव्हा तिथला कर्ता पुरुष घरी असतो. आतल्या बाजूच्या गावांत भाताची आवणी उरकत आलेली असते तो हाच काळ. गावे भरलेली, हात थोडे मोकळे आणि मुंबईहून आलेली बातमी तापलेली, असा हा ऑगस्टचा दुसरा आठवडा होता.

त्या काळी मामलेदार कचेरी हे सरकारचे गावकऱ्याला दिसणारे रूप होते. गव्हर्नर मुंबईत, व्हाइसरॉय दिल्लीत, राजा सातासमुद्रापार. पण शेतसारा भरायचा तो कचेरीत, दाखला काढायचा तो कचेरीत, समन्स यायचे तेही तिथूनच. म्हणून बेचाळीसच्या त्या आठवड्यांत महाराष्ट्रभर लोकांची पावले कचेऱ्यांकडे वळली. वडूजला तेच झाले, इस्लामपूरला तेच, महाडलाही तेच. पालघरच्या कचेरीकडे आलेल्या माणसांच्या मागे किनाऱ्यावरची आणि आतली गावे होती. पालघरपासून पश्चिमेला समुद्राच्या काठी सातपाटी, खाडीपलीकडे मुरबे, त्याच्या उत्तरेला तारापूरच्या बाजूचे नांदगाव, बोईसरजवळचे सालवड आणि खुद्द पालघर. ऐन पावसाळ्यात, खाडी आणि चिखलाचे रस्ते ओलांडून पालघर गाठायचे म्हणजे माणसाने ठरवूनच घरातून निघावे लागते.

पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले.

बेचाळीसच्या महाराष्ट्रातल्या रक्तरंजित प्रसंगांत पालघरचा हा प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीचे रणकंदन त्यानंतर दोन दिवसांनी, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी झाले. नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती कोसळले ते ९ सप्टेंबरला. वडूजचा गोळीबारही त्याच दिवशीचा. महाड आणि इस्लामपूर १० सप्टेंबरचे. कोल्हापूर संस्थानातल्या गारगोटीच्या कचेरीवरचा हल्ला १३ डिसेंबरचा. या यादीत पालघर कालक्रमाने पहिल्या ओळींत बसते, पण राज्याच्या स्मरणात ते तिथे दिसत नाही. चिमूर-आष्टीचे खटले वर्षानुवर्षे गाजले. तिथल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. शिरीषकुमारचे कोवळे वय पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचले. पालघरचे पाच जण आपल्या तालुक्यापुरते राहिले.

तालुक्याने मात्र त्यांना सोडले नाही.

नंदुरबारचे पाचही हुतात्मे एकाच गावचे होते. त्यांचे स्मारक म्हणजे त्या एका गावाचे दुःख. पालघरची तऱ्हा वेगळी आहे. स्तंभ उभा आहे पालघर शहरात, पण त्यावरच्या पाच नावांपैकी चार नावे बाहेरच्या गावांची. तिथे फूल वाहायला येणारा सातपाटीचा माणूस पाहुणा म्हणून येत नाही. त्याच्या गावचा मुलगा तिथे पडला आहे. मुरब्याचा, नांदगावचा, सालवडचा माणूसही तसाच हक्काने येतो. ठाकूर, पागधरे, तेवारी, चुरी, मोरे ही नुसती आडनावे ऐकली तरी कळते की हा मोर्चा एका आळीचा किंवा एका भाऊबंदकीचा नव्हता. एका जातीचे, एका गावचे किंवा एका पक्षाचे स्मारक त्या गटाचा जोर ओसरला की एकाकी पडते. या स्तंभाला पहिल्या दिवसापासून पाच वारस लाभले.

पुढचा योगायोग इतिहासाने घडवला. इंग्रजांनी हिंदुस्थान सोडण्याचा मुहूर्त १५ ऑगस्ट १९४७ ठरला. त्यामुळे पालघरच्या हुतात्म्यांची पाचवी पुण्यतिथी इंग्रजी सत्तेच्या अखेरच्या दिवशी आली. ज्या राज्याच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ते राज्य बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेच्या मध्यरात्री संपले. ज्या घरांतून बेचाळीसला माणूस गेला, त्या घरांसाठी या दोन तारखा कधीच वेगळ्या राहिल्या नाहीत. बाकीच्या देशाला पंधरा ऑगस्ट हा आनंदाचा दिवस म्हणून मिळाला. पालघरला तो चौदा ऑगस्टला जोडून मिळाला, आणि तिथे आजही आधी श्रद्धांजली, मग झेंडा असा क्रम चालतो.

मेलेल्यांची नावे दगडावर कोरून उघड्यावर, सर्वांच्या येण्याजाण्याच्या जागी ठेवावीत, ही पद्धत आज आपल्याला फार जुनी वाटते. वीरगळ आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहेत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात ते दिसतात. गायी सोडवताना किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्या वीराची कथा त्यांवर कोरलेली असते, पण बहुतेकांवर नाव नसते. साध्या माणसाचे नाव चौकात लिहिण्याची चाल पहिल्या महायुद्धानंतर जगभर पसरली. लाखो सामान्य शिपाई मेले होते, कित्येकांचे देहही सापडले नव्हते, आणि घरच्यांना डोके टेकवायला जागा हवी होती. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरून ते १९३१ मध्ये खुले झाले. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात पहिल्यांदा दोन मिनिटांचे मौन पाळले गेले.

त्या युद्धाच्या खुणा महाराष्ट्रातही आहेत. सातारा आणि रत्नागिरीकडच्या अनेक गावांत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून भिंतींवर आहेत. गावातून किती माणसे लढाईला गेली आणि त्यांतली किती परतली नाहीत, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. नाव एकही नाही, फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि आज ते गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. मुंबईत मशीद बंदर भागातल्या नाविकगृहात एक स्मारक आहे, ते पहिल्या महायुद्धात समुद्रातच मृत्यू आलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांसाठी. किनाऱ्यावरची माणसे साम्राज्याच्या जहाजांवर मेली, तेव्हा साम्राज्याने त्यांचा स्तंभ उभारला. तीच किनाऱ्यावरची माणसे साम्राज्याला ‘चालते व्हा’ म्हणत कचेरीसमोर मेली, तेव्हा त्यांचा स्तंभ उभारायला आपलेच लोक उरले.

आणि आपल्या लोकांनी तो उभारला. साम्राज्याने रुजवलेली स्तंभाची, पुष्पचक्राची, मौनाची रीत त्यांनी उचलली आणि साम्राज्याविरुद्ध लढताना पडलेल्यांसाठी वापरली. दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा वाजतो आणि देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, तीही याच वाटेने आलेली. पालघरने या रीतीत आपले काही मिसळले. घरात माणूस गेला की चूल थंड ठेवायची, ही आपल्याकडची जुनी चाल. १४ ऑगस्टला बंद राहणारा पालघरचा बाजार हे तेच वागणे आहे, फक्त ते घराऐवजी सबंध शहराने पाळलेले असते. पुष्पचक्र वाहून नेते निघून जातात. बंद दुकानाची झळ मात्र दुकानदार स्वतःच्या गल्ल्यातून सोसतो. दुखवट्यासाठी स्वतःचे काहीतरी खर्च करण्याची ही तयारी सरकारी परिपत्रकाने येत नाही.

सरकारी स्मरणाची दुसरी कथाही सांगायला हवी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रभर हुतात्मा स्मारके बांधण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली. एकाच धर्तीची दोनशेहून अधिक स्मारके गावोगावी उभी राहिली. हेतू उदात्त होता: स्वातंत्र्यलढा फक्त मोठ्या शहरांचा आणि मोठ्या पुढाऱ्यांचा नव्हता, हे प्रत्येक तालुक्याला दिसावे. पुढे त्यांतली बरीच स्मारके ओस पडली. कुठे छप्पर गळू लागले, कुठे दारे निखळली, कुठे आवारात गवत माजले. मधूनमधून दुरुस्तीचा निधी येतो, रंग लागतो आणि पुन्हा कुलूप पडते. जिथे गावाने त्या वास्तूत वाचनालय किंवा अभ्यासिका चालवली, जिथे पुण्यतिथीला माणसे खरोखर जमत राहिली, तिथेच ती तगली.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात अशी तगलेली स्मरणे आणखी आहेत. मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाला घेरले आणि माथेरानचे भाई कोतवाल व हिराजी पाटील मारले गेले. आजही दर वर्षी २ जानेवारीला थंडीत, पहाटेच्या अंधारात माणसे तिथे पोहोचतात. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तलवाड्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापायी राबावे लागणारा लग्नगडीपणा यांविरुद्ध उठलेले हे आदिवासी होते. तिथेही पाच जण पडले; पहिले नाव जेठ्या गांगड यांचे. दर १० ऑक्टोबरला लाल झेंडे घेऊन आदिवासी शेतकरी त्यांना सलामी द्यायला येतात. कचेरीसमोर पडलेले आणि जमीनदारीशी झुंजताना पडलेले, दोघेही आज एकाच पालघर जिल्ह्याचे. १४ ऑगस्टच्या गर्दीत तलवाड्याचे नाव क्वचितच निघते आणि १० ऑक्टोबरच्या मेळाव्यात पालघरच्या स्तंभाचे. जिल्हा एक झाला आहे, त्याचा दुखवटा अजून एक व्हायचा आहे.

हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगावला सिडकोने त्याचे मुख्यालय बांधले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय यांच्या भव्य इमारती तिथे उभ्या आहेत. ज्या कोळगावात कालपर्यंत शेते आणि माळ होते, तिथे आता जव्हार-मोखाड्यापासून वसईपर्यंतची माणसे कामे घेऊन येतात. हीच आजची कचेरी. वाढवण बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांनी, वनजमिनीचे दावे मागणाऱ्या आदिवासींनी या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठे मोर्चे काढले आहेत. मागणी मान्य होवो अथवा न होवो, गावाने निघून सरकारच्या दारात उभे राहावे, आपले म्हणणे मांडावे आणि संध्याकाळी सुखरूप घरी परतावे, हा हक्क या जिल्ह्यात पाच माणसांच्या प्राणांच्या मोलाने आलेला आहे. कोळगावच्या इमारतीत बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि तिच्या पायऱ्यांपर्यंत येणाऱ्या प्रत्येक मोर्चेकऱ्याने त्या पाच जणांना नावानिशी ओळखले पाहिजे.

ते आज होत नाही. बोईसर-तारापूरचा पट्टा तर गेल्या पन्नास वर्षांत पार बदलला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले. सुकुर मोरे यांचे सालवड आज त्या वसाहतीच्या गजबजाटात आहे. तिथल्या चाळींत राहणाऱ्या उत्तर प्रदेशच्या किंवा ओडिशाच्या कामगाराच्या मुलाला हे नाव कोण सांगणार? त्याला ते सांगण्यासारखे आहे. पालघरच्या पाच हुतात्म्यांत तेवारी हे आडनाव आहे, हे त्याला कळले तर स्तंभ त्याचाही होईल.

बेचाळीसला दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. मोर्चा डोळ्यांनी पाहिलेली पिढी जवळजवळ संपली; त्यांच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे मात्र सातपाटी-मुरब्यात, नांदगावात, सालवडात, पालघरात आहेत. त्यांच्या आठवणी गावनिहाय नोंदवून घेणे, घराघरांतल्या पेट्यांतली छायाचित्रे आणि कागद जपून त्यांच्या प्रती करणे, मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि ठाण्याच्या जुन्या दप्तरांत त्या आठवड्याच्या सरकारी नोंदी शोधणे, तलवाड्याच्या आणि सिद्धगडच्या कहाण्या त्यांच्या शेजारी ठेवणे आणि हे सगळे कोळगावच्या मुख्यालयात कायमच्या दालनात मांडणे, एवढे काम शाळा, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद यांनी मिळून उचलता येण्याजोगे आहे. १४ ऑगस्ट २०४२ ला त्या गोळीबाराला शंभर वर्षे होतील. शताब्दीची भाषणे तेव्हा आपोआप होतील. आठवणींची ही नोंद मात्र आत्ता, ज्यांनी बाप-आजाकडून ऐकले ते सांगायला आहेत तोवरच करायला हवी.